लाल निशाण नसलेलं जहाज : १४ एप्रिल १९४४

‘फोर्ट स्टिकीन’ जहाजात काय भरलंय, याची नोंद कागदोपत्री होती. मुंबईच्या गोदीत त्याच्या शेजारी राबणाऱ्या माणसांपर्यंत ती पोचली नाही.

५० दिवस आधी, २४ फेब्रुवारी. जहाज इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघतं. आत सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटांच्या ३१ पेट्या.

५ दिवस आधी, ९ एप्रिल. जहाज कराची सोडतं. तिथे कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, वंगणतेलाची पिंपं, गंधक आणि लाकूड चढलंय. दोन नंबरच्या कोठीत कापूस खाली, दारूगोळा वर. दाबून बांधलेली गाठ पेटली की आतल्या आत धुमसत राहते. वरून मारलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचत नाही.

२ दिवस आधी, १२ एप्रिल. जहाज व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागतं. स्फोटकं वाहणाऱ्या जहाजाने लाल निशाण लावायचं, ही जुनी रीत. ‘स्टिकीन’वर ते नाही.

साडेतीन तास आधी, दुपारी १२:३०च्या सुमारास. जेवणाची सुट्टी. शेजारच्या जहाजांवरच्या लोकांना धुराची रेघ दिसते. बोंब कुणीच मारत नाही.

सव्वादोन तास आधी, १:४५च्या सुमारास. गोदी कामगार परततात. दोन नंबरमधून धूर येतोय. पाण्याचे पाइप सोडले जातात.

१ तास ५० मिनिटं आधी, २:१६. अग्निशमन दलाला वर्दी जाते. सुरुवातीला दोनच बंब निघतात.

पुढचा दीड तास. लष्कराचा दारूगोळा अधिकारी जहाजावर चढतो आणि बजावतो, की हे उडालं तर गोदीही उडेल. जहाज जागीच बुडवायचं की समुद्रात ओढून न्यायचं? कुणीच ठरवत नाही. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं जातं. त्यावर तरंगत जळत्या गाठी दारूगोळ्याच्या दिशेने वर चढतात.

१६ मिनिटं आधी, ३:५०. जहाज सोडण्याचा हुकूम सुटतो.

४:०६. स्फोट. जहाजाचे दोन तुकडे. १२ किलोमीटरवरच्या काचा फुटतात, दूर शिमल्यात हादऱ्याची नोंद होते. साडेचारनंतर दुसरा स्फोट. मृतांचे अंदाज ८०० ते १,३००. त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान.

आणि त्यानंतर. धोकादायक मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय नियमावली १९६५ साली आली. धोक्याच्या प्रत्येक मालाला चार आकडी क्रमांक आणि टोकावर उभं केलेलं चौकोनी लेबल, कंटेनरच्या चारही बाजूंना तीच खूण. ओला कापूस १३६५, तेलकट कापूस कचरा १३६४, तेलाचा अंश राहिलेली पेंड १३८६. तिन्ही माल आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

आज वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाच्या कापसाला आणि इथल्या सोयाबीनच्या पेंडीला हे नियम परके नाहीत. पेंडीत तेल किती, ओल किती, यावर तिचा वर्ग ठरतो. म्हणून मोजमाप खरं हवं आणि कागदावरही तेच उतरायला हवं. ओला माल कोरडा म्हणून दाखवला, की खर्च वाचतो आणि धोका पुढच्याच्या गळ्यात पडतो. तो पुढचा म्हणजे ट्रकचालक, गोदीतला हमाल, खलाशी, बंबवाला. ज्वाळेचं चित्र असलेलं लेबल त्यांना इंग्रजी न येताही वाचता येतं.

म्हणून जिनिंगमधल्या आणि तेलगिरणीतल्या मजुरालाही या खुणा शिकवाव्यात, आणि लेबल नसलेला संशयास्पद माल थांबवायचा अधिकार द्यावा. मालात धोका आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते मालावर लिहिलंच पाहिजे.