विळी, विळा आणि नवं पातं

आपल्या गटाच्या बैठकीत कर्जाची, व्याजाची, बियाण्याची चर्चा होते. आज मात्र आपण अशा एका वस्तूबद्दल बोलू, जी आपल्या हातात सकाळपासून रात्रीपर्यंत असते आणि जिच्याविषयी आपण कधी बसून बोलत नाही. ती म्हणजे धारेची वस्तू. स्वयंपाकघरात विळी आणि सुरी, शेतात विळा आणि खुरपं, उसाच्या फडात कोयता. विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणून आपण भांडण सांगतो, पण विळ्याचं आणि बाईच्या हाताचं नातं फार जुनं आहे. ते नातं कसं घडलं हे कळलं, की भरवशाचं पातं कोणतं हेही कळतं.

सुरुवात दगडापासून करू. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. त्या लोकांना तांबं ठाऊक होतं, पण तांबं दुर्मीळ होतं. रोजचं कापणं, सोलणं, खरवडणं चालायचं ते गारगोटीसारख्या दगडाच्या पातळ पात्यांनी. धार गेली की पातं टाकायचं आणि दुसरं काढायचं. म्हणजे त्या काळीही महागाची वस्तू वेगळी आणि रोजच्या भरवशाची वस्तू वेगळी होती.

पुढं लोखंड आलं. नागपूर जिल्ह्यात पेंच नदीकाठच्या नायकुंड गावी लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे, सुमारे २,७०० वर्षांपूर्वीची. भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि धातूचा मळही तिथं मिळाला. त्याच काळातल्या विदर्भातल्या शिळावर्तुळांमध्ये, म्हणजे दगडांची गोल रास घातलेल्या दफनांमध्ये, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या आणि खंजीर मिळाले. आपल्या मातीत लोखंड ओळखणारे हात इतके जुने आहेत.

पण नुसतं लोखंड मऊ असतं. विळा टिकतो तो पोलादामुळे, म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन मिसळल्यामुळे. लोहार पातं लाल करतो, ठोकतो आणि मग झटकन पाण्यात बुडवतो. यालाच पाणी देणं म्हणतात. पाणी कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर पातं काचेसारखं तुटतं. ती वेळ लोहार पात्याच्या रंगावरून ओळखतो. ही विद्या पुस्तकात नव्हती, ती डोळ्यांत होती.

गावगाड्यात लोहार हा बलुतेदार होता. वर्षभर विळे-खुरपी शेवटून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य न्यायचं, असा व्यवहार. या व्यवहारात एक गोष्ट चांगली होती: ज्यानं विळा घडवला तोच वर्षभर त्याची धार सांभाळायचा. वस्तू वाईट निघाली तर तोंड लपवायला जागा नव्हती. वाईट गोष्ट अशी, की मोबदला ठरवणारे दुसरेच असायचे आणि लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी राहावं लागायचं.

गावोगाव फिरणारे घिसाडी तर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. रस्त्याकडेला पाल पडतं, भाता सुरू होतो. पुरुष सांडशीत तापलेलं लोखंड धरून बसतो आणि वरून घण घालते ती बाई. अनेकदा तान्हं मूल जवळच झोळीत असतं. लोहारकाम पुरुषांचं, असं कुणी म्हटलं तर त्याला हे पाल दाखवावं. आपल्या हातातल्या कित्येक विळ्यांवर बाईच्याच हाताचे घाव आहेत.

आता घरात येऊ. सुरी जगभर आहे, पण विळी ही आपल्याकडची बैठक आहे. कोकणात तिला आदोळी म्हणतात, आगरी-कोळी घरांत मोरली म्हणतात, बंगालात तिच्याच बहिणीला बोटी म्हणतात. पाय पाटावर, पातं स्थिर, आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. टोकाला खवणी असली की नारळही तिथंच. ही वस्तू जमिनीवर बसून रांधणाऱ्या बाईसाठी घडली. ओटा आला, गॅस आला, बाई उभी राहून स्वयंपाक करू लागली, तेव्हा विळी कोपऱ्यात गेली आणि सुरी हातात आली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ओटा सोयीचा. पन्नास माणसांचा कांदा चिरायचा असेल तर विळीला तोड नाही.

सुरीचा धातूही याच सुमारास बदलला. साकची इथं, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, टाटांच्या कारखान्यात १९१२ साली पोलाद निघू लागलं. पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. ते खरं तर बंदुकीच्या नळ्यांसाठी धातू शोधत होते. पोलादात क्रोमियम पुरेसं मिसळलं की गंज चढत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. सुरी बनवणाऱ्यांना आधी ते पसंत पडलं नाही, कारण त्याला धार लावणं जड जायचं. आजही तोच फरक आहे. स्टीलची सुरी गंजत नाही, लिंबू-चिंच चालते, पण बोथट झाली की घरच्या दगडावर लवकर ऐकत नाही. लोहाराची लोखंडी पात गंजते, आंबटानं काळी पडते, पण चार वेळा दगडावर घासली की पुन्हा केस कापेल अशी होते.

शेतातल्या विळ्याचीही अशीच गोष्ट. साधा विळा सारखा पाजावा लागतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं भातकापणीसाठी ‘वैभव’ विळा आणला. तो हलका आणि दातेरी, त्याला वारंवार धार लावावी लागत नाही. कापणीला वाकलेली असते ती बहुतेक बाईच. तिच्या मनगटाचा विचार करून अवजार घडवायला किती काळ जावा लागला, हे यावरून दिसतं.

कोयत्याची गोष्ट त्याहून कडू आहे. उसाच्या फडात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पण हिशेबात ती वेगळी नसते. एकटी असली तर ‘अर्धा कोयता’. माणसाचं नाव जाऊन अवजाराचं नाव उरतं, ते असं. म्हणून अवजाराबद्दल बोलणं म्हणजे स्वतःबद्दलही बोलणं आहे.

आता अडीनडीचं पातं. इथं जिवाचा प्रश्न आहे, म्हणून नीट ऐका.

बाळाच्या पाचवीला आपण सटवाई पुजतो. पूजेत विळा किंवा कोयता ठेवतो, बाळंतिणीच्या उशाशीही लोखंड ठेवतो. पाचवा, सहावा दिवस धोक्याचा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यांच्या दुःखातून ओळखलं होतं. तान्ह्या बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपासच दिसतो. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक पिणं सोडतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. त्याचं मूळ पुष्कळदा नाळ कापण्यात असायचं. कुठं विळ्यानं, कुठं बांबूच्या धारदार कामटीनं नाळ कापली जायची. धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात आणि त्यांचं बीज इतकं चिवट, की विळा साध्या पाण्यानं धुऊन किंवा थोडा वेळ उकळूनही खात्री देता येत नाही. ज्या पात्यावर राखणीचा भरवसा होता, त्याच पात्यातून कधी कधी मरण यायचं. यात कुणा सुईणीचा दोष नव्हता. कितासातो या जपानी शास्त्रज्ञानं हे जंतू १८८९ मध्येच वेगळे करून दाखवले होते, पण ती माहिती आपल्या उंबऱ्यापर्यंत यायला कित्येक दशकं गेली.

मग सुईणींची प्रशिक्षणं झाली, नव्या कोऱ्या ब्लेडचं पाकीट आलं, १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं, २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. २०१५ मध्ये माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं जाहीर झालं. हटला म्हणजे जंतू संपले असं नाही, ते मातीत आहेतच. आपण लस आणि स्वच्छ पातं सोडलं तर तो परत येईल. पाचवी पुजा, विळाही ठेवा. नाळेला मात्र दवाखान्यातलंच पातं. वाटेतच बाळ जन्मलं तर नाळ कापायची घाई नको. बाळ कोरडं करून आईच्या उराशी ऊबेत ठेवा, १०८ ला फोन करा.

दुसरी अडचण सर्पदंशाची. चावलेल्या जागी ब्लेड मारून रक्त काढायची जुनी रीत आहे. ती सोडा. त्यानं विष निघत नाही, उलट रक्त वाहतं, जखम चिघळते. हातपाय न हलवता माणसाला सरकारी दवाखान्यात न्या, इलाज तिथल्या लशीत आहे. सुरी सोन्याची असली म्हणून काय उरात घालून घ्यायची?

अडीनडीला सुरी खरी लागते ती दुसऱ्याच कामाला. दाव्याचा फास जनावराच्या गळ्याला बसला, पदर मळणीयंत्रात अडकला. यंत्राची कळ आधी बंद करायची, मग पदर कापायचा. अशा वेळी बोथट सुरी काही कामाची नाही. म्हणून एक धारदार सुरी म्यानात घालून गोठ्यात ठरल्या जागी, पोरांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर टांगून ठेवा. ती भाजीला वापरायची नाही.

आता बाजारात जाताना एवढं पाहा. पात्याचं लोखंड मुठीत खोलवर गेलेलं हवं. मूठ हलली तर वस्तू परत ठेवा. मूठ आपल्या हाताला बसते का, ते आपणच धरून बघा, घरच्या पुरुषाच्या हातानं नको. पात्यात चीर नको. लोहाराला विचारा, लोखंड कुठलं? मोटारीच्या कमानपाट्याचं असेल तर कोयत्याला उत्तम, ते चिवट पोलाद असतं. आणि धार लावायची सोय जवळ आहे का, हेही विचारा. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की पातं घसरतं. जखमा तिथंच होतात.

काम झालं की लोखंडी पात धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. गटात दहा-बारा जणी असाल तर धारेचा एक चांगला दगड सामाईक घ्या, किंवा लोहाराला महिन्यातून एक दिवस बोलवा. सगळ्यांचे विळे एकदम पाजून होतील, त्यालाही दिवसाचं काम मिळेल. खंडेनवमीला आपण ही हत्यारं धुऊन, हळद-कुंकू लावून पुजतोच. यंदा पुजण्याआधी प्रत्येकीनं आपली मूठ हलते का, तेवढं बघून घ्यावं.