तरुण वयातील कर्करोग : निदान, उपचार आणि त्यानंतरचे आयुष्य

कर्करोग हा उतारवयात जडणारा आजार आहे, अशी समजूत आपल्या समाजात अनेक पिढ्यांपासून रुजलेली आहे. ती सर्वस्वी निराधार नाही. वय वाढते तसा या आजाराचा धोका वाढतो आणि जगभरातील बहुसंख्य रुग्ण आजही पन्नाशी ओलांडलेलेच असतात. मात्र गेल्या तीन दशकांत विशी ते चाळिशीतील रुग्णांची संख्या लक्षणीयरीत्या वाढली असून, वैद्यकशास्त्रासमोर त्यामुळे नवे प्रश्न उभे राहिले आहेत. या वयात शिक्षण नुकतेच संपलेले असते, नोकरीत पाय रोवायचे असतात, विवाह, अपत्ये आणि घराचे कर्ज असे निर्णय घेतले जात असतात. साठीतील रुग्णावर उपचार करताना आजार बरा होणे हा मुख्य विचार असतो. तिशीतील रुग्णाच्या बाबतीत आजार बरा झाल्यानंतरच्या चाळीस-पन्नास वर्षांचाही विचार उपचाराच्या पहिल्या दिवसापासून करावा लागतो.

आकडेवारी काय सांगते?

वैद्यकीय लेखनात १५ ते ३९ या वयोगटाला सामान्यतः किशोर व तरुण प्रौढ रुग्ण म्हटले जाते, तर पन्नाशीपूर्वी झालेल्या कर्करोगाला अकाली कर्करोग असे संबोधले जाते. ‘बीएमजे ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०४ देश व प्रदेशांतील २९ प्रकारच्या कर्करोगांची माहिती तपासण्यात आली. पन्नास वर्षांखालील नव्या रुग्णांची जागतिक संख्या १९९० मध्ये सुमारे १८ लाख २० हजार होती. ती २०१९ मध्ये सुमारे ३२ लाख ६० हजार झाली. ही वाढ ७९ टक्क्यांची आहे. याच काळात या वयोगटातील मृत्यूंची संख्या मात्र सुमारे २८ टक्क्यांनी वाढली.

हे आकडे वाचताना थोडी सावधगिरी आवश्यक आहे. या काळात जगाची लोकसंख्याही वाढली आणि निदानाच्या सोयीही वाढल्या. त्यामुळे रुग्णसंख्येतील संपूर्ण वाढ म्हणजे धोक्यातील वाढ नव्हे. तथापि मोठ्या आतड्याच्या कर्करोगासारख्या काही प्रकारांत लोकसंख्येचा हिशेब वजा केल्यावरही अनेक देशांत तरुणांमधील प्रमाण खरोखरच वाढलेले दिसते. म्हणूनच अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २०१८ मध्ये या कर्करोगाची नियमित तपासणी पन्नासऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षापासून सुरू करण्याची शिफारस केली.

भारतात कर्करोगाच्या नोंदणीची सुरुवात मुंबईत झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये येथे देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित नोंदणी सुरू केली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नवे रुग्ण आढळले. दर नऊ भारतीयांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी कर्करोग होण्याची शक्यता आहे, असेही या अंदाजात नमूद आहे. भारताची लोकसंख्या तरुण असल्यामुळे येथील रुग्णांत तरुणांचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक दिसतो. स्तनाच्या कर्करोगाचे निदानही भारतीय स्त्रियांमध्ये पाश्चात्त्य स्त्रियांच्या तुलनेत सरासरी सुमारे एक दशक अगोदर होते.

कारणांचा शोध

तरुण वयात होणारे सर्व कर्करोग एकाच कारणाने होत नाहीत. रक्ताचा कर्करोग, लसिका ग्रंथींचा कर्करोग, हाडांचा सार्कोमा आणि वृषणाचा कर्करोग हे मुळातच तरुणांमध्ये तुलनेने अधिक आढळणारे आजार आहेत. रुग्णाच्या वागण्यात अथवा आहारात त्यांचे कारण सापडेलच असे नाही. ‘माझे काय चुकले’ हा प्रश्न अनेक तरुण रुग्णांना सतावतो. अशा वेळी ही वस्तुस्थिती त्यांना स्पष्टपणे सांगणे गरजेचे असते.

काही कर्करोगांची कारणे मात्र ठाऊक आहेत आणि ती टाळता येण्याजोगी आहेत. भारतात तोंडाचा कर्करोग हे याचे ठळक उदाहरण होय. २०१६-१७ मधील जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करत होत्या. त्यांतही धूरविरहित तंबाखूचे प्रमाण मोठे होते. तंबाखू नसलेली सुपारीदेखील कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर केले आहे. शाळकरी वयात सुपारी, मावा किंवा गुटख्याची सवय लागली, तर तिचे परिणाम तिशीतच दिसू लागतात. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली.

लठ्ठपणा, मद्यपान, व्यायामाचा अभाव आणि प्रक्रियायुक्त अन्न यांचा संबंधही तपासला जात आहे. ‘नेचर’ या नियतकालिकात २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ११ देशांतील ९८१ रुग्णांच्या मोठ्या आतड्यातील गाठींचा जनुकीय अभ्यास करण्यात आला. आतड्यातील काही जिवाणू ‘कोलिबॅक्टिन’ नावाचे विष तयार करतात. त्याच्या खुणा सत्तरीनंतर निदान झालेल्या रुग्णांच्या तुलनेत चाळिशीपूर्वी निदान झालेल्या रुग्णांमध्ये सुमारे तिपटीहून अधिक प्रमाणात आढळल्या. या आजाराची बीजे कदाचित बालपणातच पेरली जात असावीत, असे यावरून सूचित होते. मात्र हे कारण निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

सुमारे ५ ते १० टक्के कर्करोग आनुवंशिक असतात. आई, मावशी, आत्या किंवा बहीण यांना कमी वयात स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असल्यास बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांच्या तपासणीविषयी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

निदानाला विलंब का होतो?

तरुण रुग्णाच्या बाबतीत वय हाच निदानातील मोठा अडथळा ठरतो. रुग्णाला स्वतःला शंका येत नाही, घरच्यांना येत नाही आणि अनेकदा प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांनाही येत नाही. शौचावाटे रक्त गेले की ते मूळव्याधीचे समजले जाते. स्तनपान करणाऱ्या मातेला लागलेली गाठ दुधाची मानली जाते. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात मानेतील सुजलेल्या गाठींवर बायोप्सीविना क्षयरोगाचे उपचार सुरू केले जातात. तोंडातील व्रणाला पोटातील उष्णतेचे कारण चिकटवले जाते. यांतील बहुतेक वेळा निदान साधेच निघते. परंतु उपचारानंतरही लक्षण कायम राहिले, तर वयाचा विचार बाजूला ठेवून पुढील तपासणी करणे हेच शहाणपणाचे होय.

दोन ते तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील व्रण, तोंड उघडण्यास होणारा त्रास, स्तन, मान, काख अथवा वृषण यांत लागणारी गाठ, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, अनियमित वा संबंधानंतर होणारा रक्तस्राव, कारणाविना घटणारे वजन आणि दीर्घकाळ राहणारा ताप ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

केंद्र शासनाने २०१६ मध्ये तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी तीस वर्षांवरील व्यक्तींच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तथापि अशा तपासणीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीवरील स्त्रियांमधील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसून आले. पन्नाशीखालील स्त्रियांमध्ये मात्र असा ठोस लाभ आढळला नाही. म्हणूनच तरुणांच्या बाबतीत सरसकट तपासणी मोहिमेपेक्षा लक्षणांची वेळीच दखल घेणे आणि कौटुंबिक पूर्वेतिहास जाणून घेणे यांना अधिक महत्त्व आहे.

उपचारांपूर्वी विचारायचे प्रश्न

निदान झाल्यावर उपचार तातडीने सुरू करण्याकडे सर्वांचा कल असतो. या घाईत एक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो, तो म्हणजे पुढे मूल होण्याचा. केमोथेरपीतील काही औषधे आणि ओटीपोटावरील किरणोपचार यांमुळे प्रजननक्षमता कायमची नष्ट होऊ शकते. पुरुषांचे शुक्राणू गोठवून ठेवण्याची प्रक्रिया सोपी असून ती एक-दोन दिवसांत पूर्ण होते. स्त्रियांची बीजांडे अथवा भ्रूण गोठवण्यास साधारण दोन आठवडे लागतात. अनेक रुग्णांच्या बाबतीत एवढा अवधी देता येतो. तीव्र स्वरूपाच्या रक्ताच्या कर्करोगात मात्र तो बहुधा मिळत नाही. अविवाहित तरुणीसमोर किंवा तिच्या आईवडिलांसमोर हा विषय काढणे डॉक्टरांना अवघड वाटते आणि कुटुंबालाही संकोच वाटतो. परंतु पहिल्या केमोथेरपीपूर्वी न विचारलेल्या प्रश्नाला नंतर बहुतेक वेळा उत्तर उरत नाही.

स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या स्त्रीने गरोदर राहू नये, असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॉझिटिव्ह’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने या विषयातील चित्र पालटले. संप्रेरकांवर वाढणारा स्तनाचा कर्करोग झालेल्या, ४२ वर्षे अथवा त्याहून कमी वयाच्या पाचशेहून अधिक स्त्रियांनी १८ ते ३० महिने औषधे घेतल्यानंतर गर्भधारणेसाठी ती तात्पुरती थांबवली. तीन वर्षांच्या काळात त्यांच्यात आजार उलटण्याचे प्रमाण ८.९ टक्के होते. औषधे न थांबवलेल्या स्त्रियांच्या तुलनागटात ते ९.२ टक्के होते. दीर्घकालीन निष्कर्षांसाठी पाठपुरावा आवश्यक आहे आणि हा निर्णय तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावयाचा आहे. तरीही असंख्य तरुण स्त्रियांसाठी ही मोठी आशादायक बाब ठरली आहे.

नोकरी, खर्च आणि प्रवास

तरुण रुग्ण हा अनेकदा घरातील कमावता सदस्य असतो. त्यामुळे उपचारांचा खर्च वाढतो त्याच वेळी उत्पन्न थांबते. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारांना ठरावीक अटी पूर्ण केल्यास कर्करोगासारख्या दीर्घ आजारात दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के इतका विस्तारित आजारपण लाभ मिळू शकतो. या तरतुदीची माहिती अनेक कामगारांना नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे. उपचारांसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना भारतीय रेल्वे शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण सवलत देते. सोबतच्या एका व्यक्तीलाही सवलत मिळते.

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे येत आहेत. दादर येथील गाडगे महाराज धर्मशाळेने अशा असंख्य कुटुंबांना आसरा दिला आहे. हा प्रवास कमी व्हावा म्हणून वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम अशा ठिकाणी टाटा स्मारक केंद्राची रुग्णालये कार्यरत आहेत. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना एकत्र आणणारी राष्ट्रीय कर्करोग ग्रिड २०१२ मध्ये स्थापन झाली. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात तीन वर्षांत डे-केअर कर्करोग केंद्र सुरू करण्याची घोषणा २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. केमोथेरपी घेऊन त्याच दिवशी घरी परतता आले, तर अनेक तरुणांची नोकरी आणि शिक्षण टिकू शकते.

उपचार संपल्यानंतर

भारतीय क्रिकेटपटू युवराज सिंग याने २०११ च्या विश्वचषक स्पर्धेत ३६२ धावा आणि १५ बळी अशी कामगिरी करून स्पर्धावीराचा मान मिळवला. त्या काळात त्याला खोकला आणि धाप यांचा त्रास होत होता. पुढे दोन फुप्फुसांच्या मध्यभागी कर्करोगाची गाठ असल्याचे निदान झाले. २०१२ च्या प्रारंभी त्याने अमेरिकेत इंडियानापोलिस येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे उपचार घेतले. अशा प्रकारच्या गाठींवर सिसप्लॅटिन या औषधाचा यशस्वी वापर १९७० च्या दशकात आइनहॉर्न यांनीच रूढ केला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये युवराज पुन्हा भारतीय संघातून खेळला. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये आणि हिना खान यांनी २०२४ मध्ये आपल्या आजाराची माहिती स्वतःहून जाहीर केली. अशा उदाहरणांमुळे आजार लपवण्याची प्रवृत्ती कमी होण्यास मदत होते.

प्रत्येक रुग्णाचे पुनरागमन मात्र इतके ठळक नसते. उपचार संपल्यावर अनेकांना महिनोन्‌महिने थकवा जाणवतो. दर तपासणीपूर्वी आजार उलटल्याची भीती दाटून येते. विवाह ठरवताना आजार सांगावा की नाही, नव्या नोकरीच्या मुलाखतीत दोन वर्षांच्या खंडाचे कारण काय द्यावे, हे प्रश्न समोर उभे ठाकतात. काही औषधांचा हृदयावर, काहींचा श्रवणशक्तीवर अथवा मूत्रपिंडांवर उशिरा परिणाम होतो. तरुण वयात छातीवर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. म्हणून कोणती औषधे, किती मात्रेत आणि कोठे किरणोपचार दिले, याचा लेखी सारांश प्रत्येक रुग्णाने आयुष्यभर जपून ठेवणे आवश्यक आहे.

नातेवाईक व सहकाऱ्यांची भूमिकाही येथे महत्त्वाची ठरते. सतत दया दाखवणे आणि सर्व काही पूर्ववत झाले असे गृहीत धरणे, हे दोन्ही रुग्णाला एकटे पाडते. काही महिने हलके काम, तपासणीसाठी रजा आणि मनमोकळे बोलण्यास एक माणूस, एवढ्या साध्या गोष्टींनीही मोठा फरक पडतो. तरुण वयातील अनेक कर्करोग आज पूर्णपणे बरे होऊ शकतात. अशा रुग्णांना वाचलेले आयुष्य मानाने आणि इतरांच्या बरोबरीने जगता येणे, हेदेखील उपचारांचेच एक अंग आहे.