बाटली फेकू नका

श्रोतेहो, समजा, वडगाव मावळच्या बाजारातून तुम्ही गोचिडांचे औषध आणले. पावसाळा सरलेला, राखणीच्या कुत्र्याचे कान गोचिडांनी भरलेले. संध्याकाळी औषध चोळले आणि सकाळी पाहता तो कुत्रा थरथरतो आहे, पाय लटपटताहेत. घरातला एक जण म्हणतो, "औषधच विषारी!" दुसरा म्हणतो, "छे, शेजारच्या कुत्र्याला कुठे काय झालं?" आणि तिसरा रागाने बाटली उकिरड्यावर फेकून देतो. खरे कोणाचे? ते सांगणारा साक्षीदार मात्र उकिरड्यावर गेला!

हा प्रश्न जुना आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे आपण शाळेत शिकतो. त्या प्लेगवरची लस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचल्यावर 19 माणसे धनुर्वाताने दगावली. हाहाकार झाला. दोष परळवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले.

पण बाटलीवर क्रमांक होता, बरं का! दगावलेली सगळी माणसे 53-एन ह्या एकाच बाटलीतून टोचलेली होती. त्याच दिवशी इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना धनुर्वात झाला नाही. म्हणजे दोष लशीच्या जातीत नव्हता, त्या एका बाटलीत होता. मग दुसरा प्रश्न: घाण आत शिरली ती परळला की मुलकोवालला? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. शिवाय, उघडताना बाटलीला दुर्गंधी नव्हती. घाण कित्येक आठवडे आत असती तर ती सुटली असती. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी हे जाहीरपणे मांडले. अखेर 1907 साली हाफकिन निर्दोष ठरले. 1925 साली परळच्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. पण न्याय मिळायला पाच वर्षे गेली!

आता कुत्र्याकडे वळू. इथे गुंता थोडा अधिक आहे. आयव्हरमेक्टिन हे औषध बहुतेक कुत्र्यांना योग्य मात्रेत सोसते. कोली जातीच्या काही कुत्र्यांना मात्र मोठी मात्रा बाधते. त्याचे कारण असलेला जनुकातील दोष 2001 साली सापडला. तेव्हा शेजारचा कुत्रा ठणठणीत आहे, एवढ्याने औषध निर्दोष ठरत नाही. गोचिडांवरच्या नव्या गोळ्यांबद्दल 2018 साली अमेरिकेच्या औषध खात्याने इशारा दिला की, काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे, झटके असे प्रकार दिसले. बंदी घातली नाही. पशुवैद्यांना विचारून द्या, असे सांगितले. उलट, गोचिडांतून होणारा तापही कुत्र्याला आडवा करतो. कधी गुरांचे औषध पाणी न घालता तसेच चोळलेले असते. औषधानंतर झाले म्हणून ते औषधानेच झाले असे नव्हे. आणि औषधाने झालेच नाही, असेही नव्हे.

म्हणून करायचे काय? औषध अंगाला लावलेले असेल तर साबण-पाण्याने धुवा, अंग पुसून उबेत ठेवा, चाटू देऊ नका. बळेच ओकवू नका. बाटली, वेष्टन घेऊन तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि एका कागदावर लिहा: औषधाचे नाव, बॅच क्रमांक, मुदत, कुत्र्याचे वजन, किती दिले, केव्हा दिले, त्रास केव्हा सुरू झाला, आधी ताप होता का, त्याच बाटलीतले आणखी कोणाला लावले.

गुरुजींनो, हा कागद वर्गातील मुलांकडून एकदा लिहून घ्या. आजारी कुत्र्याला बोलता येत नाही. त्याच्या वतीने तो कागद बोलेल. आणि उद्या औषध निर्दोष ठरले, तर कुणा निरपराध माणसावरचा आळही तोच कागद पुसून टाकील.