शाळेचा खेळ आणि वर्तमानपत्राचा रकाना

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या शालेय स्पर्धा आटोपल्या, की शिक्षकांच्या खोलीत एक तक्रार हमखास ऐकू येते. “आमच्या पोरांनी ढाल आणली, पण पेपरात दोन ओळीसुद्धा नाहीत! तिकडे शहरातल्या मुलाने शतक काढले, तर त्याचा फोटो!” ही तक्रार खरी, की नुसती रागाची? आणि खरी असेल, तर दोष कोणाचा? आज आपण या प्रश्नाकडे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहू.

प्रथम जरा दूर, इंग्लंडात जाऊ. तेथील ईटन आणि हॅरो या दोन शाळांचा क्रिकेट सामना १८०५ साली लॉर्ड्सच्या जुन्या मैदानावर झाला. कवी बायरन त्यात हॅरोकडून खेळला होता. पुढे हा सामना म्हणजे दरवर्षीचा सोहळाच झाला, आणि लंडनची वर्तमानपत्रे त्याची साग्रसंगीत हकीकत देऊ लागली. का बरे? तर पार्लमेंटात, कचेऱ्यांत, न्यायासनावर बसणारी कितीतरी मंडळी याच शाळांतून शिकलेली. तीच वर्तमानपत्रांची गिऱ्हाइके. आपल्या शाळेचे काय झाले, हे त्यांना सकाळी चहाबरोबर वाचायचे असे. खाणीवरच्या मजुरांची पोरेही कुठेतरी खेळतच होती. पण त्यांचे बाप ते पत्र विकत घेत नव्हते. येथे कोणी कोणाचा द्वेष केला असे नाही. बातमी गिऱ्हाइकाच्या मागे गेली, इतकेच.

आता मुंबईत या. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या नावाची हॅरिस ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि शाळांच्या क्रिकेटला मुंबईत मोठी प्रतिष्ठा आली. सामने व्हायचे आझाद मैदानासारख्या ठिकाणी, आणि मोठ्या वर्तमानपत्राची कचेरी तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर! धावफलक संध्याकाळी तिथे पोचवणे काही कठीण नव्हते. तेच अंतर चंदगडहून किंवा धडगावहून मोजून पाहा, म्हणजे निम्मा पक्षपात भूगोलाने कसा केला ते ध्यानात येईल.

उरलेला निम्मा मात्र नियमांनी केला. सचिन तेंडुलकर यांनी २०१४ साली निघालेल्या आपल्या आत्मचरित्रात एक मासलेवाईक हकीकत दिली आहे. त्या काळी मुंबईच्या पत्रांत शालेय सामन्याच्या वृत्तात तीस किंवा त्याहून अधिक धावा काढणाऱ्याचेच नाव छापीत. शाळकरी सचिनच्या एका सामन्यात चोवीस धावा झाल्या. गुणलेखकाने युक्ती काढली. संघाच्या अवांतर धावांतल्या सहा याच्या नावावर चढवल्या. एकूण बेरीज तीच, मग बिघडले कुठे? मुलानेही मान तुकवली. नाव छापून आले. पण रमाकांत आचरेकर सर खूश झाले नाहीत. न काढलेल्या धावा आपल्या नावावर घेतल्याबद्दल त्यांनी शिष्याची चांगली कानउघाडणी केली.

आता असे पाहा, तीस धावांचा हा नियम कोणा शाळेविरुद्ध नव्हता. रकान्यात जागा बेताची, म्हणून कुठेतरी रेघ ओढावी लागली. पण एकदा रेघ ओढली, की खेळ तिच्या मापाने कापला जातो. पडत्या संघाला सावरून एकोणतीस धावा काढणारा मुलगा गळाला. दिवसभर उन्हात उभा राहून चार झेल घेणारा गळाला. आणि लहान मुलांच्या मनात काय रुजले? खेळ कसा झाला याहून छापून काय आले, हे मोठे!

चमत्कार घडला, की मात्र रकान्याचे पान होते. फेब्रुवारी १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळी यांनी हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात ६६४ धावांची अभंग भागी केली, तेव्हा असे झाले. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा काढल्या, तेव्हाही असेच झाले. रिक्षाचालकाच्या मुलाने जगाचे लक्ष वेधले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण पहिल्या डावात एकतीस धावांत बाद झालेल्या त्या समोरच्या शाळेच्या मुलांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत का? त्यांतली काही वयाने बरीच लहान होती, असे तेव्हाच्या वृत्तांतून दिसते. सामना दोन संघांचा, कहाणी एकाची.

आणि आपला खोखो? त्याला तर हा तीस धावांचा गज लागूच पडत नाही. मुलगी दोन-अडीच मिनिटे पळती करते, साखळीतून हुलकावण्या देत आक्रमकांना दमवते. हे शतकाइतकेच मोलाचे आहे. पण ते जाणायला वार्ताहराला खेळ कळावा लागतो. आपल्या धाराशिवची सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खोखोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. भारताच्या मुलींनी ती जिंकली, आणि त्यांची कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. तेव्हा बातम्या आल्या, नाही असे नाही. पण असे खेळाडू काही दिल्लीला जन्मत नाहीत. ते शाळेच्या मातीत तयार होतात, आणि त्या वर्षांची ओळ कोणी छापलेली नसते.

येथेच इतिहासाचा प्रश्न येतो. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक आपल्या जिल्ह्याच्या खेळांचा इतिहास लिहायला बसला, तर तो काय चाळेल? जुनी वर्तमानपत्रेच चाळेल. त्यांत जे नाही, ते झालेच नाही असे तो समजेल. आजचा पक्षपात उद्या पुरावा म्हणून उभा राहतो, हे यातले खरे दुखणे.

यावर उपाय? गुरुजी, दोन गोष्टी करून पाहा. एक म्हणजे शाळेत खेळांची एक वही ठेवा. तारीख, दोन्ही संघांतील मुलामुलींची पूर्ण नावे, गुण, पळतीच्या वेळा, सारे तिच्यात लिहा. आणि त्याच संध्याकाळी त्याची प्रत वर्तमानपत्राकडे धाडा. अवांतर सहा धावा मात्र कोणाच्या नावावर चढवू नका! दुसरी गोष्ट वरच्या वर्गांतल्या मुलांकडून करून घ्या. एका वर्षाचे वर्तमानपत्र घेऊन शालेय खेळांच्या ओळी मोजायला सांगा. क्रिकेटच्या किती, खोखोच्या किती. मुलांच्या किती, मुलींच्या किती. शहराच्या किती, गावाच्या किती. कदाचित तुमची तक्रार थोडी फुगलेली निघेल, कदाचित तुम्हाला वाटते त्याहूनही खरी. काही निघाले, तरी तो तक्ता संपादकांकडे पाठवता येईल. रागाच्या पत्राला उत्तर देणे त्यांना सोपे असते. मोजून काढलेल्या आकड्यांना उत्तर देताना त्यांना आपला रकाना पुन्हा उघडून पाहावा लागेल.