तेजी कुणाची, झळ कुणाला?

शिवथर खोऱ्यातली आपली पोरंही आता मोबाईलवर शेअरचे भाव बघतात. "बाजार चढतोय, आता नाही तर कधी?" हा त्यांचा प्रश्न. उत्तर इतिहासात आहे.

घेणारे वाढले की भाव चढतो, तीच तेजी. कंपनीचा नफा वाढल्याने आलेली तेजी टिकू शकते; 'सगळे घेतात म्हणून मीही' ही फुगते आणि फुटते. शिवाय शेअर विकेपर्यंत नफा कागदावरच असतो.

1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. प्रेमचंद रायचंदांच्या मुंबईत पैसा ओतला गेला, नव्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. 1865 ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांचा शेअर 87 वर आला. शेवटी कर्ज काढून घुसलेले बुडाले. ज्यांच्याकडे एकही शेअर नव्हता, त्या मजुरांनी तेजीच्या काळात महागाई सोसली होती. किमती वाढतात तशी मजुरी वाढत नाही, हे बाबासाहेबांनी 1923 च्या रुपयावरील ग्रंथात मांडलं.

बाबासाहेब बाजारापासून लांब नव्हते. बडोद्यात अपमान सोसून मुंबईत परतल्यावर त्यांनी शेअर-सल्ल्याचा व्यवसाय सुरू केला. तो चाललाही. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईकं थांबली. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाची ही गत! म्हणजे बाजाराच्या दारातही जात उभी होती.

आज दार उघडं आहे, पण धोका तोच. सेबीच्या 2024 च्या अभ्यासानुसार, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्क्यांनी पैसे गमावले. आपल्या पोराच्या मागे वडिलोपार्जित जमीन नाही, पेढी नाही. बुडते ती आईची बचत.

म्हणून बाजारात जायचं नाही का? जरूर जा. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क बजावला. पण पोहता येत नसताना खोल पाण्यात उडी कुणी मारली नाही. आधी शिका. कंपनीचा ताळेबंद वाचा. कर्ज काढून शेअर घेऊ नका, टिप देणाऱ्यावर विसंबू नका, घरखर्चाचे पैसे बाजूला ठेवा. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी सर्वात आधी ठेवला, तो उगाच नाही.

जय भीम!