पिंपरी-चिंचवड ते कच्छचे रण (रस्ता प्रवास)

पिंपरी-चिंचवड ते कच्छचे रण हा महाराष्ट्रातील औद्योगिक शहरापासून गुजरातमधील धोरडोपर्यंतचा १,००० किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता प्रवास आहे. जोडपी तो प्रामुख्याने हिवाळ्यात करतात.

मोटारी किवळे येथे मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर येतात. या मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने, दुचाकी उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या आकुर्डीतील दुचाकीस्वार दांपत्यालाही देहूरोड, तळेगाव, लोणावळा, खोपोली असा जुना महामार्गच धरावा लागतो. पुढे सुरत, वडोदरा, अहमदाबाद ओलांडून सुरजबारी पुलावरून कच्छमध्ये प्रवेश होतो. भुजपासून धोरडो सुमारे ८० किलोमीटरवर आहे. प्रदेश सीमेलगत असल्याने परवाना आवश्यक असतो. तो वाटेत भिरंडियारा येथे मिळतो.

हे वाळवंट वाळूचे नसून मिठाचे आहे. पावसाळ्यात साचलेले पाणी आटल्यावर पांढरा थर उरतो. पृष्ठभाग कोरडा भासला तरी खाली चिखल असतो आणि त्यात वाहन रुतते. दोघांपैकी एक चालकाच्या जागी बसला की गाडी ढकलण्यास एकच उरतो. म्हणून वाहन डांबरी रस्त्यावर ठेवून मिठावर पायीच जाणे सुरक्षित ठरते. पौर्णिमेच्या रात्री येथे विशेष गर्दी असते.