शेवाळापासून औषधापर्यंत

समुद्रातल्या शेवाळात कर्करोगावरचं औषध आहे, असं कुणी सांगितलं तर आपण काय करावं? हसून सोडून द्यावं, की त्याची पूड आणायला धावावं? दोन्ही करू नये. आधी एक हकीकत ऐकावी.

‘सागरी ससा’ नावाची एक समुद्री गोगलगाय असते. ती विषारी असल्याचं प्राचीन रोमन ग्रंथकार प्लिनी यानं लिहून ठेवलं आहे. १९७२ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या सहकाऱ्यांनी मॉरिशसजवळून अशा गोगलगाई मिळवल्या. त्यांच्यातलं डोलास्टॅटिन-१० हे द्रव्य इतकं अल्प, की त्याची रचना उलगडायला १९८७ साल उजाडलं. पेशींचं विभाजन ते रोखतं खरं. पण रोग्यांना नुसतं देऊन पाहिलं, तेव्हा अपाय झाला आणि गुण फारसा आला नाही.

पुढे २००१ साली तेच द्रव्य नीलहरित शेवाळ म्हणवणाऱ्या सूक्ष्मजीवांत सापडलं. गोगलगाईच्या अंगी ते आलं होतं खाण्यातून!

शास्त्रज्ञांनी त्या धर्तीवर कृत्रिम द्रव्य घडवलं आणि प्रतिपिंडाला जोडलं. प्रतिपिंड रोगट पेशी हुडकतो, विष तिथं उतरवतो. हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावर हे औषध अमेरिकेत २०११ साली मान्य झालं.

म्हणजे एकोणचाळीस वर्षं लागली. तेव्हा गावात कुणी शेवाळाची पूड विकायला आला, तर त्याला एवढंच विचारा, “बाबा रे, ती एकोणचाळीस वर्षं कुठं आहेत?” आणि रोग्याला वेळ न दवडता दवाखान्यात न्या.